लढाईचा ठराव कुणी करायचा?

संध्याकाळची वेळ आहे, कुणी चुलीपुढं असेल, कुणी धारा काढून आता टेकली असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या.

एरवी आम्ही समन्वयक मंडळी इथं येतो ती कर्जफेड, शेळीचा विमा, परसबाग असले विषय घेऊन. आजचा विषय तसा नाही. तो आम्ही शोधायलाही गेलो नव्हतो, तो आमच्या एका मासिक बैठकीत आपण होऊन येऊन बसला.

झालं असं, की हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या, आणि एकीच्या मोबाईलवर कुठल्याशा लांबच्या देशातल्या बॉम्बफेकीची बातमी लागली. आमच्यात एक आक्का आहेत, त्यांचा धाकटा फौजेत आहे, सीमेवर. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गं पोरींनो, लढाई करायची का नाही हे ठरवतं कोण? एकटाच माणूस ठरवतो का? आपण दहा हजाराचं कर्ज द्यायचं तर दहा बाया जमवतो, ठराव लिहितो. मग हे कसं?"

कुणी म्हणालं पंतप्रधान, कुणी म्हणालं राष्ट्रपती, एक म्हणाली मोठे साहेब लोक. आक्कांनी आमच्याकडं बघितलं, कारण बीए झालेल्या आम्हीच. राज्यशास्त्राचा पेपर आम्हीही दिला होता, पासही झालो होतो. पण खरं सांगायचं तर उत्तर येत नव्हतं. मग दोन महिने आम्ही दोघी-तिघींनी मिळून वाचलं, विचारलं, टिपणं काढली. ते आज सांगतो.

आणि हा विषय आपला नाही असं म्हणू नका. फौजेत जाणारी पोरं बहुतेक आपल्यासारख्यांच्या घरातली असतात. २०२२ ला रशिया आणि युक्रेनची लढाई लागली, तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा डबा कुठं गेला आणि खताचं काय झालं हे आपण दुकानात उभं राहून बघितलंय. लढाई तिकडं, पिशवी आपली रिकामी.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. कारण एका माणसाच्या हातात लढाई राहू नये म्हणून तास आणि दिवस मोजून देणारा कायदा त्या देशानं केलाय. आणि तो कायदा कसा कसा वाकवला गेला, तेही तिथंच बघायला मिळतं.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, नाहीतर घोटाळा होईल. अमेरिकेच्या संसदेचं नाव काँग्रेस आहे. आपल्याकडच्या पक्षाशी त्याचा संबंध नाही. त्या संसदेची दोन सभागृहं, एक प्रतिनिधीगृह आणि दुसरं सिनेट. आणि सरकारचा प्रमुख म्हणजे राष्ट्राध्यक्ष.

१७८७ साली त्या लोकांनी आपली राज्यघटना लिहायला घेतली. इंग्लंडच्या राजाला नुकतंच घालवलं होतं. राजाच्या मनात आलं की लढाई, आणि कर भरायचा रयतेनं, हे त्यांनी भोगलेलं होतं. मसुद्यात पहिल्यांदा लिहिलं होतं की "युद्ध करण्याचा" अधिकार संसदेचा. त्यावर चर्चा झाली. एका सदस्यानं तर सुचवलं, हा अधिकार सरळ राष्ट्राध्यक्षालाच देऊन टाका. तेव्हा गेरी नावाचे सदस्य उठले आणि म्हणाले, की प्रजासत्ताकात असली सूचना ऐकायला मिळेल असं आपल्याला कधी वाटलं नव्हतं. शेवटी मॅडिसन आणि गेरी या दोघांच्या सूचनेनं एक शब्द बदलला. "युद्ध करणं" ऐवजी "युद्ध जाहीर करणं". म्हणजे कसं, की अचानक कुणी चालून आलं तर राष्ट्राध्यक्षानं संसदेची वाट बघत बसू नये, आलेला वार परतवावा. पण आपण होऊन लढाईत उतरायचं तर संसदेला विचारायचं. फौजेचा सरसेनापती राष्ट्राध्यक्ष, पण लढाई जाहीर करणं संसदेकडं, आणि पैसाही संसदेकडं. फौजेसाठी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पैसा मंजूर करायचा नाही, हेही घटनेतच लिहिलंय.

हे आपल्या गटासारखंच आहे म्हणा ना. बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. अध्यक्षा कितीही चांगली असली तरी लागतात. चांगली आहे म्हणून नियम सोडायचा नसतो.

पण सोडला जातो. आमचीच गोष्ट सांगतो. आमच्याकडच्या एका गटात बँक लांब, एसटी दिवसातून दोनदा. सारखं कोण जाणार, म्हणून दुसऱ्या सहीवाल्या बाईनं चार-पाच कोऱ्या स्लिपांवर सह्या करून अध्यक्षाबाईंकडं दिल्या. तारीख नाही, रक्कम नाही. विश्वासाचा मामला होता. अध्यक्षाबाईंनी चोरी केली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण एका नातलगाची नड निघाली, आणि गटाला न विचारता चाळीस हजार गेले. ते परत यायला दोन वर्षं लागली, आणि तोवर गटातल्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. त्यातली एक आजही बोलत नाही. आम्ही समन्वयक म्हणून महिन्याला वह्या तपासत होतो, आणि स्लिपांचं आम्हाला कळलं नव्हतं. तो दोष आमच्याकडंही येतो.

ही कोरी स्लिप लक्षात ठेवा. कारण अमेरिकेच्या संसदेनं नेमकं हेच केलं.

१९६४ चा ऑगस्ट महिना. व्हिएतनाम नावाचा छोटा देश, दोन भागांत तुटलेला. त्याच्या किनाऱ्याजवळ टोंकिनचं आखात आहे, तिथं अमेरिकेची लढाऊ जहाजं फिरत होती. २ ऑगस्टला एका जहाजावर उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी हल्ला केला. ४ ऑगस्टला पुन्हा हल्ला झाला असं सांगण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेकडं ठराव मागितला, की परतफेड करायला आणि पुढचा हल्ला थोपवायला लागेल ते सगळं करण्याची मुभा द्या. ७ ऑगस्टला ठराव मंजूर. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

पुढं उघड झालं की तो दुसरा हल्ला झालाच नव्हता. पण स्लिपवर सही होऊन गेली होती. रक्कम कोरी, तारीख कोरी. त्या एका ठरावावर पाच लाखांहून जास्त अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये उतरले. ५८,००० वर अमेरिकन पोरं मेली. व्हिएतनामी माणसं, त्यात बाया आणि लेकरं, लाखोंनी मेली. युद्ध रीतसर जाहीर असं कधी झालंच नाही.

ज्या दोन सिनेटरांनी नाही म्हटलं ते मोर्स आणि ग्रुनिंग. १९६८ च्या निवडणुकीत दोघंही घरी बसले. खरं बोलणाऱ्याचं काय होतं ते बघा, असं आमच्यातली एक लगेच म्हणाली. आम्ही म्हटलं थांब, अजून गोष्ट पुरी व्हायचीय.

जॉन्सन गेले, निक्सन आले. १९६९ च्या मार्चपासून त्यांनी शेजारच्या कंबोडिया देशावर गुपचूप बॉम्बफेक सुरू केली. गुपचूप म्हणजे लोकांपासून लपवून, आणि बहुतेक संसदेपासूनही लपवून. कागदपत्रांत खोट्या नोंदी केल्या, की बॉम्ब दुसरीकडं पडले. आपल्याकडं हजेरीपट खोटा भरतात ना, तसं. १९७० मध्ये कंबोडियात उघडपणे फौज घातली, तेव्हा अमेरिकेतले विद्यार्थी रस्त्यावर आले. केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० ला सैनिकांनी गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी ठार झाले. त्यात दोन मुली होत्या. १९७१ च्या सुरुवातीला तो टोंकिनचा ठराव संसदेनं रद्द केला. तरी लढाई थांबली नाही. सरसेनापती म्हणून आम्हाला अधिकार आहेच, असं सरकार म्हणालं.

मग संसदेनं तिजोरीच्या चावीला हात घातला. १५ ऑगस्ट १९७३ नंतर कंबोडियावरच्या बॉम्बफेकीला एक पैसा मिळणार नाही, असा कायदा झाला. आणि बॉम्बफेक थांबली. बोलून जे झालं नाही ते पैसे बंद केल्यावर झालं.

त्याच वर्षी दुसरा कायदा आला, युद्धाधिकाराचा. निक्सननी तो नाकारला. तिथं राष्ट्राध्यक्षाला कायदा नाकारता येतो, त्याला व्हेटो म्हणतात. तो उलटवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. ७ नोव्हेंबर १९७३ ला ती मिळाली. प्रतिनिधीगृहात २८४ विरुद्ध १३५, सिनेटमध्ये ७५ विरुद्ध १८. कायदा झाला.

कायदा काय सांगतो ते सोपं आहे. राष्ट्राध्यक्षानं कुठं फौज लढाईत घातली तर ४८ तासांच्या आत संसदेला लेखी कळवायचं. तिथून ६० दिवस मोजायचे. ६० दिवसांत संसदेनं मंजुरी दिली नाही तर लढाई थांबवायची. सैनिक सुखरूप माघारी आणायला फार तर ३० दिवस आणखी.

हे आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "साठ दिवस मोजतं कोण?"

मैत्रिणींनो, मोठमोठ्या वकिलांनी पन्नास वर्षं ज्यावर वाद घातलाय तोच हा प्रश्न. आक्कांनी तो हप्त्याची वही मांडीवर ठेवून विचारला.

मोजायला सुरुवात होते ती राष्ट्राध्यक्षाच्या लेखी अहवालापासून. मग राष्ट्राध्यक्ष काय करतात? अहवाल पाठवतात, पण त्यात "या कायद्यानुसार पाठवतोय" असं लिहीत नाहीत. "या कायद्याशी सुसंगत राहून पाठवतोय" असं लिहितात. वरवर बघता काय फरक? पण फरक असा, की कायद्यानं मी बांधलेला आहे हे कबूल केलं जात नाही, आणि साठ दिवसांचं घड्याळ सुरू झालं हेही म्हणता येत नाही. जवळजवळ सगळ्याच राष्ट्राध्यक्षांनी, दोन्ही पक्षांच्या, हीच वाक्यरचना वापरली. इतिवृत्तातला एक शब्द इकडचा तिकडं केला की काय होतं हे वही लिहिणाऱ्या सचिवताईंना सांगायला नको.

दुसरी पळवाट २०११ ची. लिबिया देशात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मार्च महिन्यात हवाई हल्ले सुरू केले. मे महिन्यात साठ दिवस संपले. संसदेची मंजुरी नव्हती. तेव्हा त्यांच्या सरकारनं सांगितलं, की आमचे सैनिक तिथल्या जमिनीवर उतरलेले नाहीत, समोरून मारा होत नाही, म्हणून कायद्यात ज्याला लढाई म्हटलंय ती ही नाहीच. विमानातून बॉम्ब पडतायत, पण लढाई नाही! ओबामा स्वतः कायद्याचे प्राध्यापक होते. शिकलेला माणूस पळवाट काढतो तेव्हा ती भारी सफाईदार असते.

तिसरी गाठ न्यायालयानं बांधली, तीही मुद्दाम नव्हे. मूळ कायद्यात होतं, की दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमतानं सांगितलं की फौज माघारी, राष्ट्राध्यक्षाची सही लागणार नाही. १९८३ मध्ये भलत्याच एका खटल्यात, परदेशी विद्यार्थ्याच्या राहण्याच्या परवानगीचा तो खटला होता, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राष्ट्राध्यक्षाकडं न पाठवता संसदेला असे हुकूम काढता येणार नाहीत. झालं. आता लढाई थांबवण्याचा ठरावही राष्ट्राध्यक्षाच्याच सहीला जातो. म्हणजे ज्यानं लढाई सुरू केली त्यालाच विचारायचं, थांबवू का? २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातून अंग काढून घ्या असा ठराव दोन्ही सभागृहांनी केला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी तो नाकारला. २०२० मध्ये इराणबद्दल तसाच ठराव झाला, तोही नाकारला. दोन्ही वेळा बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं.

तर कायदा निकामी आहे का? आमच्यात यावर दोन तट पडले. एकीचं म्हणणं, असला कायदा असून नसून सारखा. आम्हाला तसं वाटत नाही. कायदा नसता तर लिबियाच्या वेळी ओबामांना ती वाकडी सबब शोधावी लागली नसती. सबब शोधावी लागते याचा अर्थ कुणीतरी हिशेब मागणार आहे हे त्यांना ठाऊक असतं. अर्थात एवढ्यावर खूश होऊन बसण्यासारखंही काही नाही.

आता दोन बायांची गोष्ट सांगतो. खरं तर आम्हाला हीच जास्त सांगायची होती.

पहिली जेनेट रँकिन. माँटाना राज्यातली, कुरणांच्या मुलखातली. अमेरिकेच्या संसदेत निवडून गेलेली पहिली बाई, १९१६ साली. तेव्हा अमेरिकेत सगळ्या बायांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता, तो १९२० ला मिळाला. माँटानात आधी मिळाला होता, तोही रँकिनबाई आणि त्यांच्या मैत्रिणी गावोगाव फिरल्या म्हणून. संसदेत जाऊन चार दिवस होतायत तोच पहिल्या महायुद्धात उतरायचं का यावर मतदान आलं. त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्याबरोबर आणखी ४९ पुरुष सदस्यांनी नाही म्हटलं होतं, पण बोट दाखवलं गेलं ते बाईकडं, की बघा, बाईमाणसाचं मन कच्चं. पुढच्या निवडणुकीत त्या हरल्या.

वीस-बावीस वर्षांनी, १९४० ला, त्या परत निवडून आल्या. आणि डिसेंबर १९४१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला होता, माणसं मेली होती. ८ डिसेंबरला मतदान झालं. ३८८ विरुद्ध १. ती एक म्हणजे रँकिनबाई. बाहेर लोक इतके खवळले की त्या टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या आणि पोलिसांनी त्यांना तिथून नेलं.

हे ऐकल्यावर आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, हे काही बरोबर नाही. अंगावर वार आल्यावर नाही कसं म्हणायचं? आमच्या फौजी आक्काही त्यांच्यातच. आम्हालाही तसंच वाटतं. पण सगळ्यांनी एका गोष्टीला मान हलवली, की मत चुकीचं असलं तरी ते मांडायला ती बाई उभी राहिली, आणि मत घेतलं गेलं. विचारलंच गेलं नसतं तर चूक की बरोबर हा प्रश्नच नव्हता.

रँकिनबाई पुढं गांधीजींच्या विचारांच्या ओढीनं अनेकदा भारतात येऊन गेल्या. जानेवारी १९६८ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात हजारो बायांचा मोर्चा घेऊन त्या वॉशिंग्टनला चालल्या. मे १९७३ मध्ये वारल्या. तो युद्धाधिकाराचा कायदा त्यानंतर सहा महिन्यांनी झाला. त्यांनी बघितला नाही.

दुसरी बार्बरा ली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये विमानं आदळली, सुमारे ३,००० माणसं गेली. तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, संसदेपुढं ठराव आला. हल्ला करणाऱ्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर लागेल ते बळ वापरायची मुभा. इंग्रजीत मोजून ६० शब्दांचा अधिकार. त्यात देशाचं नाव नाही, मुदत नाही. सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य, प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १. बार्बराबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की आपण दुःखात आहोत, आज घाईनं असा कोरा अधिकार देऊ नका, थोडं थांबू, विचार करू. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलीस पहारा द्यावा लागला.

आणि झालं काय? त्या ६० शब्दांवर अफगाणिस्तानात वीस वर्षं लढाई चालली. तोच कागद दाखवून अनेक देशांत, येमेन आणि सोमालियापर्यंत, हल्ले झाले. ज्यांच्यावर हल्ले झाले त्यातल्या काही संघटना २००१ मध्ये जन्मालाही आल्या नव्हत्या. बार्बराबाई मात्र पुन्हा पुन्हा निवडून येत राहिल्या, आणि दर वेळी तो अधिकार काढून घ्या म्हणून मागणी करत राहिल्या. खरं बोलणाऱ्याचं काय होतं म्हणणाऱ्या मैत्रिणीला आम्ही हे मुद्दाम सांगितलं.

इतर देशांचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये युद्धाचा अधिकार जुन्या राजाच्या अधिकारातून आलेला, आज तो पंतप्रधान वापरतात. संसदेला विचारलंच पाहिजे असा कायदा नाही. पण २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा प्रश्न संसदेत आणला गेला, आणि २८५ विरुद्ध २७२ मतांनी संसदेनं नाही म्हटलं. पंतप्रधान कॅमेरून यांनी ते मानलं. तेरा मतांनी एका देशाची लढाई थांबली. जर्मनीत तर सशस्त्र फौज देशाबाहेर पाठवायची तर संसदेचं मत घ्यावंच लागतं. त्यांच्या घटना न्यायालयानं १९९४ ला तसं सांगितलं आणि २००५ ला कायदाही झाला. हिटलरचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे.

आता आपल्याकडं या.

एका माणसानं लढाई ठरवली की काय होतं हे आपल्या आज्या-पणज्यांनी बघितलंय. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केलं, की भारत युद्धात आहे. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. दिल्लीच्या विधिमंडळाला नाही, प्रांतांत लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांना नाही. म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक सरकारांनी राजीनामे दिले. आपल्या मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेर यांचं सरकारही त्यातच गेलं. पण फौजेत माणसं जातच राहिली, युद्ध संपेपर्यंत सुमारे २५ लाख. त्यात आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडचे किती तरी. परक्या देशासाठी, परक्या वाळवंटात.

स्वतंत्र झाल्यावर आपण घटना लिहिली. तिच्यात फौजांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडं आहे, पण प्रत्यक्ष निर्णय मंत्रिमंडळाचा. युद्धाआधी संसदेचं मत घ्यावंच लागेल असं आपल्या घटनेत लिहिलेलं नाही. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग उरलेलं सांगितलं. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, लोकसभेनं अविश्वास दाखवला तर सरकार जातं. पैसा संसदेच्या मंजुरीशिवाय खर्च होत नाही. म्हणजे दुसरी सही आहे, पण ती मागाहून होते.

१९६२ ला चीननं हल्ला केला, तेव्हा संसद लवकर बोलवा अशी मागणी तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी यांनी केली. पंडित नेहरूंनी अधिवेशन अलीकडं ओढलं आणि ८ नोव्हेंबरला, लढाई चालू असताना, संसदेत चर्चा सुरू झाली. सरकारवर उघड टीका झाली. त्याआधीच संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं होतं, आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. १९९९ ला कारगिलच्या वेळी मात्र लोकसभाच विसर्जित झालेली होती, काळजीवाहू सरकार लढत होतं. प्रश्न विचारायला लोकसभा नव्हतीच.

मुदतीबद्दल एक सांगितलं पाहिजे. १९६२ च्या युद्धासाठी २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिन्याभरात थांबली. आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये! पाच वर्षांहून जास्त. कारण तेव्हा संपण्याची तारीखच लिहिलेली नव्हती. १९७५ च्या आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर १९७८ ला घटना बदलली. आता मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही, महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी घ्यायची, तीही खास बहुमतानं, आणि दर सहा महिन्यांनी नव्यानं घ्यायची. लढाईला नाही, पण लढाईच्या नावानं आपल्या हक्कांवर येणाऱ्या बंदीला तरी तारीख लागली.

आम्हाला विचाराल तर अंगावर आलेला वार परतवायला सरकारनं कुणाची परवानगी मागत बसू नये. सीमेवरचं पोर सभा भरायची वाट बघत नाही थांबू शकत. गुप्तताही लागते, हेही खरं. पण वार परतवून झाल्यावर, ठरावीक दिवसांत, संसदेपुढं येऊन सांगायचं आणि प्रत्येकाचं मत नावानिशी घ्यायचं, एवढं कायद्यात असायला हरकत काय? आमच्यातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही. एक ताई म्हणतात, भर लढाईत घरातलं भांडण शेजाऱ्याला कशाला दाखवायचं. त्यांचा दीर फौजेतच होता. तुम्हाला काय वाटतं ते आम्हाला कळवा, पत्रानं नाहीतर गटाच्या बैठकीत.

नावानिशी म्हटलं ते एका कारणानं. रँकिनबाईंनी काय मत दिलं हे शंभर वर्षांनी आम्हाला कळलं, कारण तिथं नाव पुकारून मत घेतात आणि ते छापतात. आपल्या संसदेत बरेचसे ठराव आवाजी मतदानानं होतात, "हो"चा आवाज मोठा की "नाही"चा एवढंच. सदस्यांनी मागणी केली तर मतं मोजता येतात, पण मागणी करावी लागते. आपल्या गटांचंही तसंच आहे. "सर्वानुमते मंजूर" असं आधीच लिहून ठेवलेलं असतं, आणि मग वही फिरते सहीसाठी.

आमच्या ग्रामसंघात त्या कोऱ्या स्लिपांनंतर दोन गोष्टी बदलल्या. स्लिपवर रक्कम आणि तारीख सगळ्यांसमोर लिहिल्याशिवाय दुसरी सही होत नाही, एसटी चुकली तरी चालेल. आणि ठरावाखाली दोन रकाने आखले, बाजूनं आणि विरोधात, दोन्हीकडं नावं लिहायची. पहिले चार महिने विरोधाचा रकाना कोराच राहिला. पाचव्या महिन्यात पीठगिरणीसाठी मोठं कर्ज घ्यायचा ठराव आला. तेरा जणी बाजूनं. आक्कांनी विचारलं, गावात दोन गिरण्या आहेत, तिसरीला दळण कुठनं येणार? कुणी नीट उत्तर दिलं नाही. त्यांनी वही ओढून घेतली, उजवीकडच्या रकान्यात आपलं नाव घातलं, आणि सचिवताईला म्हणाल्या, "खाली कारण पण लिही." तिनं लिहिलं. कर्ज अजून मंजूर व्हायचंय, आणि गिरणीचा हिशेब काढायला तिघींची समिती पुढच्या सोमवारी तालुक्याला जाणार आहे.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी आम्ही त्या गिरणीचा हिशेबच घेऊन येऊ.